बाटली उकळणं कधी थांबवायचं?

बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की घरात एक प्रश्न हमखास निघतो. बाळ आता रांगतंय, उंबरठ्यापासून बाबांच्या चपलेपर्यंत सगळं तोंडात घालतंय. मग रोज दुधाच्या बाटल्या कशाला उकळत बसायच्या? आमच्याकडे हा प्रश्न सासूबाईंनी काढला, आणि त्यांनीच काढायला हवा होता. माझी २६ आठवड्यांची रजा संपून मी ड्युटीवर रुजू झाले, तेव्हापासून दिवसभर पातेलं, सांडशी आणि बाटल्या सांभाळण्याचं काम त्यांच्याच वाट्याला आलं होतं. त्यात आदिलाबादचा एप्रिल-मे. त्या उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहणं काय असतं, ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको.

विचारपूस केली तर तीन उत्तरं आली. लंडनमधली मावसबहीण म्हणाली, वर्षभर उकळा. तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, बाळ किमान १२ महिन्यांचं होईपर्यंत बाटल्या निर्जंतुक करायला सांगते. अमेरिकेतल्या नणंदबाईंचं म्हणणं वेगळं. तिथल्या सीडीसी या संस्थेचा रोज निर्जंतुक करण्यावरचा भर मुख्यतः २ महिन्यांच्या आतल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी आहे. मोठ्या, धडधाकट बाळाची बाटली प्रत्येक वेळी नीट धुतली, तर ती रोज उकळलीच पाहिजे असं नाही. इथल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र उलट मलाच विचारलं, "बाटली लागतेच कशाला? वाटी-चमच्याने द्या ना."

आधी वाटलं, तीन तोंडं तीन गोष्टी. पण नीट पाहिलं तर प्रत्येक सल्ल्यामागे एक स्वयंपाकघर उभं आहे. अमेरिकेत नळाला शुद्ध केलेलं पाणी येतं आणि पुष्कळ घरांत कडक पाण्याने भांडी धुऊन गरम हवेने वाळवणारं मशीन असतं. म्हणजे तिथं धुण्यातच निम्मं उकळणं होऊन जातं. इंग्लंडचा सल्ला सरसकट सगळ्यांना एकच सोपी तारीख देतो. आणि आपले डॉक्टर आपली घरं, आपलं पाणी आणि आपला पावसाळा ओळखून बोलतात. तेव्हा बाळाच्या वयाइतकंच आपल्या घरातलं पाणी आणि धुण्याची पद्धतही पाहावी लागते.

चप्पल चालते, मग बाटली का नाही?

सासूबाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर दुधात आहे. चपलेवर, खेळण्यावर जंतू असतात, पण तिथं त्यांना खायला-प्यायला फारसं काही नसतं. दूध मात्र बाळासाठी जसं पौष्टिक, तसंच जंतूंसाठीही. ऊब आणि ओल मिळाली तर काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहा. एका जंतूचे २ तासांत ६४ होतात, ४ तासांत ४,०९६ आणि ६ तासांत अडीच लाखांवर जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा बाटलीच्या आट्यांमध्ये किंवा निपलच्या टोकाशी राहिलेला दुधाचा थेंब म्हणजे विरजणच. चपलेवरचे मूठभर जंतू रांगतं बाळ बऱ्याचदा पचवून टाकतं. दुधातून एकदम लाखोंनी गेलेल्या जंतूंपुढे त्याचं पोट टिकेलच असं नाही.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. उकळणं हे धुण्यानंतरचं काम आहे, धुण्याऐवजीचं नाही. दुधाची साय चिकटलेली बाटली तशीच उकळत्या पाण्यात टाकली तर तो थर आणखी घट्ट बसतो आणि त्याखाली जंतूंना आडोसा मिळतो. म्हणून दूध पाजून झालं की बाटली लगेच उघडायची. निपल, कडं, झाकण सगळं सुटं करायचं. साबण, गरम पाणी आणि फक्त बाटल्यांसाठी ठेवलेला ब्रश वापरायचा. निपल उलटं करून चोळायचं आणि छिद्रातून पाणी पिळून काढायचं. मग सगळं पाण्यात पूर्ण बुडेल आणि आत हवेचा बुडबुडा राहणार नाही असं ठेवून खळखळून उकळायचं. एनएचएस १० मिनिटं सांगते, सीडीसी ५. आम्ही १० धरली. नंतर ओट्यावरच्या फडक्याने पुसायचं नाही. पुसलं की केलेलं सगळं पाण्यात. जाळीवर उपडं घालून हवेवर वाळू द्यायचं. निपल चिकट झालं, फुगलं किंवा चिरलं तर ते बदलायचं.

आपलं पाणी, आपला पावसाळा

आपल्या जिल्ह्यात एकाच गावात पाण्याच्या तऱ्हा किती! कुणाकडे मिशन भगीरथचं नळाचं पाणी, कुणाकडे बोअर, कुणी वीस लिटरचा कॅन आणतं. बेला-जैनथकडच्या नातेवाइकांकडे चार दिवस राहायला गेलं की तिथलं पाणी वेगळं. पावसाळ्यात कधी नळाला गढूळ पाणी येतं, आणि पाइपलाइन कुठं फुटली तर बाहेरची घाणही आत शिरते. बाटली ज्या पाण्याने विसळायची तेच भरवशाचं नसेल, तर नऊ महिने पुरे झाले म्हणून उकळणं बंद करण्यात अर्थ नाही. कॅनचं पाणीही कॅन किती स्वच्छ धुतला जातो, त्यावर अवलंबून. आणि एक लक्षात ठेवावं, उकळल्याने जंतू मरतात. बोअरच्या पाण्यातला क्षार किंवा फ्लोराइड त्याने जात नाही.

डब्याचं दूध देत असाल तर आणखी एक गोष्ट. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी तिच्यात थोडे जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळावी, मग दूध कोमट करून पाजावं आणि २ तासांत न संपलेलं टाकून द्यावं. उरलेलं अर्धं दूध "थोड्या वेळाने पिईल" म्हणून ठेवण्याची आपल्याला सवय असते, कारण अन्न टाकायला जीव धजत नाही. पण उकळलेल्या बाटलीतही दोन तास पडून राहिलेलं दूध धोक्याचंच.

आम्ही काय ठरवलं

आमची मुलगी ऑक्टोबरची. जूनमध्ये ती आठ महिन्यांची झाली तेव्हा सासूबाई, मी आणि मुलीचे बाबा असे तिघं बसलो आणि ठरवलं, की पावसाळाभर उकळणं चालू ठेवायचं, पण सासूबाईंच्या डोक्यावरचं ओझं कमी करायचं. बाटल्या सहा केल्या. रात्री बाबांनी सगळ्या धुवायच्या आणि एकदाच उकळायच्या. दिवसा सासूबाईंनी फक्त दूध पाजून बाटली उघडून विसळून ठेवायची. दसऱ्याच्या सुमारास मुलगी वर्षाची झाली, पाऊस सरला आणि रोजचं उकळणं थांबलं. साबणाने धुणं आणि वाळवणं मात्र तसंच राहिलं.

उकळणं पुन्हा केव्हा सुरू करायचं, हेही तेव्हाच ठरवून ठेवलं होतं: बाळाला जुलाब किंवा तोंड आलं तर, नळाला गढूळ पाणी आलं तर, प्रवासातून परतल्यावर आणि नवी बाटली आणली तर. तुमचं बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा एखाद्या आजारावर औषध घेणारं असेल, तर मात्र तारीख डॉक्टरांनाच विचारा. शेजारच्या बाळाचा हिशेब त्याला लागू नाही.

आणि बाटलीच सुटली तर?

डॉक्टरांचा तो तिसरा सल्ला मला शेवटी सगळ्यात शहाणपणाचा वाटला. बाटलीचा गळा अरुंद, आट्या बारीक, निपलचं छिद्र त्याहून बारीक. वाटी उघडी असते, ती घासली की घासली गेल्याचं डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे बोंडल्याने दूध पाजत. आमच्या तेलुगू शेजारीणबाईंकडे त्यांच्या माहेरचं चांदीचं उग्गुगिन्ने अजून आहे, चोच असलेली छोटी वाटी. सरकारी दवाखान्यांच्या नवजात कक्षातही ज्या बाळांना ओढता येत नाही, त्यांना वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने दूध देतात. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बाळाच्या डब्याच्या दुधाच्या आणि दूध पाजायच्या बाटलीच्याही जाहिरातीवर बंदी आहे, ती उगाच नाही.

सहा महिन्यांनंतर बाळ वरणाचं पाणी, मऊ भात, नाचणीची खीर खाऊ लागतं. तेव्हाच एक वेळचं दूध वाटीने किंवा छोट्या पेल्याने द्यायला घ्यावं. सांडतं, वेळ लागतो, आजीचा पदर ओला होतो. पण वर्ष-सव्वा वर्षात बाटली आपोआप मागे पडते आणि रात्री बाटली तोंडात धरून झोपल्याने दात किडण्याची भीतीही टळते. आईचं दूध चालू असेल तर ते दोन वर्षं आणि पुढेही देता येतं. त्याला ना बाटली लागते ना पातेलं.

इतकं करूनही बाळाला जुलाब लागले तर कुणाला बोल न लावता आधी ओआरएस सुरू करा. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत पुडी मिळते. मोठी पुडी असेल तर ती १ लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि घोट घोट द्यायचं. अंगावरचं दूध बंद करू नका. डॉक्टर सोबत १४ दिवस झिंक देतील. टाळू किंवा डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळते. ती दिल्याची बाळाच्या कार्डावर नोंद आहे का, हे आजच पाहून घ्या.

आमच्या मुलीच्या बाटल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाआधीच माळ्यावर गेल्या. उकळायच्या पातेल्यात सासूबाई आता पुन्हा साबुदाण्याची खीर करतात.