पान मागितल्यावर तयार होतं

सकाळी ८
धाराशिवमधला आमचा क्लास उघडला की आधी इन्व्हर्टर बघतो, मग कॉम्प्युटर चालू करतो. मुलं तेर, येडशी, बेंबळीहून एसटीने येतात. ऑक्टोबरात घरोघरी सोयाबीनची मळणी चाललेली असते. अशा दिवसांत क्लासला निघायचं म्हणजे रानातले दोन हात कमी होतात. म्हणून आलेल्या मुलाला त्याच दिवशी स्वतःचं काहीतरी चालताना दिसलं पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

९
सुरुवात पीएचपीने. रास्मस लेरडॉर्फने १९९४ साली आपला बायोडेटा कोण कोण बघतं हे कळावं म्हणून लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून ही भाषा वाढली. स्वस्तातल्या होस्टिंगवरही ती चालते, हे आमच्या मुलांसाठी महत्त्वाचं. झॅम्प हे पॅकेज टाकलं, त्यातला अपाचे सर्व्हर सुरू केला, तरी एक जण फाईलवर डबल क्लिक करतोच. ‘सर, माझा कोडच दिसतोय.’ हा क्षण मी कधीच घाईने उरकत नाही. ब्राउझरला पीएचपी कळत नाही. फाईल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवून लोकलहोस्टवरून मागितली, की सर्व्हर ती चालवतो आणि तयार झालेलं एचटीएमएल तेवढं पाठवतो. मग पानाचा सोर्स उघडायला सांगतो. आपण लिहिलेली पीएचपीची एकही ओळ तिथे सापडत नाही, तेव्हा मुलांचा चेहरा बदलतो.

१०.३०
पहिला प्रोग्रॅम घड्याळाचा. पानावर वेळ येते सकाळी ७. झॅम्प जर्मनीत तयार झालं. त्याच्या सेटिंगमध्ये बर्लिनची वेळ लिहिलेली असते आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत ती आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. टाइमझोनमध्ये एशिया/कोलकाता लिहिलं, पान रिफ्रेश केलं, वेळ बरोबर. घड्याळ सर्व्हरचं असतं, बघणाऱ्याचं नव्हे, हे यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

१२
पाच पानांची साइट, प्रत्येक पानावर जिल्ह्याचं नाव. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं, तेव्हा सुटी एचटीएमएल पानं असलेल्याला प्रत्येक फाईल उघडून नाव बदलावं लागलं असेल. आम्ही नाव असलेली वरची पट्टी एकाच फाईलमध्ये ठेवतो आणि इन्क्लूडने सगळीकडे ओढून घेतो. एखादी मुलगी एका ठिकाणी नाव बदलते आणि पाचही पानं बदललेली बघते. फ्रेमवर्क पहिल्याच आठवड्यात शिकवायला माझा विरोध आहे तो यासाठी: हे स्वतःच्या हातून घडताना दिसायला हवं.

२.३०
डबे खाऊन झाल्यावर मराठी. ‘धाराशिव’ या नावाची लांबी विचारली तर पीएचपीचं साधं फंक्शन २१ सांगतं. मुलं बोटांवर मोजतात: धा, रा, शि, व. चारच! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, वेलांटी ही वेगळी चिन्हं. म्हणून ७ चिन्हं, २१ बाइट. एमबी लावलेलं फंक्शन ७ सांगतं; ४ हवे असतील तर त्यासाठी ग्राफीमचं फंक्शन निराळं. बातमीचा मथळा बाइट मोजून कापला तर अक्षर मध्येच तुटतं आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. इंग्रजी पुस्तकातली उदाहरणं गिरवून हे कळत नाही. आपल्या भाषेत साइट करायची तर हे पहिल्या दिवसापासून यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

४
फॉर्म. शेतकरी पिकाचं नाव टाकेल, पान डेटाबेसमधून दर शोधून दाखवेल. आलेला मजकूर क्वेरीत सरळ जोडायला मी सक्त मनाई करतो. क्वेरी आधी तयार करायची, मजकूर नंतर स्वतंत्रपणे द्यायचा. नाहीतर कोणीही फॉर्ममधून डेटाबेसला हुकूम सोडू शकतो. एचटीएमएलची चिन्हंही दाखवण्याआधी निष्प्रभ करून घ्यायची. सवय आत्ताच लागली पाहिजे, नंतर लागत नाही.

५.३०
तेरची बस गाठायची म्हणून मुलं उठतात. घरी कॉम्प्युटर नसलेल्यांचा अभ्यास वहीतला: बाजार समितीच्या दरफलकावरून टेबलचे रकाने आखून आणायचे. शेतमाल, तारीख, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. कुठला रकाना आकड्यांचा, कुठला अक्षरांचा, आणि दर क्विंटलचा हे कुठे लिहायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. उद्या ९ वाजता त्याच वह्यांवरून मायएसक्यूएलमध्ये टेबल उभं करू.