पासांचे आकडे आणि खेळाचा अर्थ

'पास' हा शब्द महाविद्यालयात उच्चारला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर निकालाचा फलक उभा राहतो. मी मात्र येथे बोलणार आहे ते फुटबॉलमधल्या पासबद्दल, म्हणजे एका खेळाडूने आपल्याच संघातील दुसऱ्याकडे पोहोचविलेल्या चेंडूबद्दल. दूरचित्रवाणीवर सामना पाहताना मध्यंतराला आकडे झळकतात. एका संघाचे ४०० पास, दुसऱ्याचे १५०. अमुक खेळाडूचे ९३ टक्के पास अचूक. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी लगेच निकाल देऊन मोकळा होतो, "बघा, वरचढ कोण ते!" आकडा खोटा नसतो. पण आकडा खरा असणे आणि त्यावरून काढलेला अर्थ खरा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधले आहे. चार्ल्स रीप हे तेथील हवाई दलात हिशेबाचे काम पाहणारे अधिकारी. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन येथे सामना पाहत असताना मध्यंतरानंतर त्यांनी प्रत्येक चालीची नोंद करायला सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षे, शेकडो सामन्यांत त्यांनी हा उद्योग चिकाटीने चालविला. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी या नोंदींवर रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. त्यांच्या नोंदींतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. यावरून रीप यांनी अनुमान काढले, की पास देत बसणे म्हणजे वेळ दवडणे. चेंडू लांब टोला मारून झटपट पुढे धाडावा.

अनुमान किती सरळ वाटते! आता आपल्या ओळखीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्गात १०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ९० जण केवळ गाईड वाचतात आणि १० जण ग्रंथालयातून मूळ पुस्तके आणून वाचतात. प्रथम वर्गात आले १०. त्यांतले ८ गाईडवाले. म्हणजे "प्रथम वर्गातील ८० टक्के विद्यार्थी गाईड वाचणारे" हे विधान शंभर टक्के खरे! पण गाईडवाल्या ९० पैकी ८ आले आणि पुस्तकवाल्या १० पैकी २. दहात एकही नाही, आणि दहात दोन. कोणता मार्ग बरा, हे सांगायला संख्याशास्त्राची पदवी नको.

रीप यांच्या नोंदींतही हेच दडले होते. फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी टिकवणे कठीण असते. त्यामुळे दहांतील नऊहून अधिक चाली तीन पासांच्या आतच संपतात. ढोबळ हिशेब करू. १००० चालींत ९०० आखूड आणि १०० लांबलचक. गोल १०, त्यांतील ८ आखूड चालींचे. म्हणजे आखूड चालींत साधारण ११२ चालींमागे एक गोल आणि लांबलचक चालींत ५० मागे एक. ज्या आकड्यावर रीप यांनी पासांविरुद्ध निकाल दिला, तोच आकडा पासांच्या बाजूने साक्ष देत होता.

हा केवळ कागदावरचा वाद राहिला असता तर गोष्ट वेगळी. पण १९५० च्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाने रीप यांचा सल्ला घेतला. पुढे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेत प्रशिक्षणाची सूत्रे सांभाळणारे चार्ल्स ह्यूज हेही स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले आणि ती शिकवण प्रशिक्षकांपर्यंत गेली. २००५ साली माइक ह्यूज (हे निराळे) आणि इयन फ्रँक्स यांनी १९९० व १९९४ च्या विश्वचषकांतील नोंदी चालींच्या एकूण संख्येशी ताडून पाहिल्या. यशस्वी संघांच्या बाबतीत लांबलचक चालीच, प्रमाणाने पाहता, अधिक गोल देणाऱ्या ठरल्या.

मग जितके पास अधिक तितका संघ थोर, असे म्हणावे काय? तेही नाही. १ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत स्पेनने यजमान रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर रशिया ४-३ ने जिंकला. १ डिसेंबर २०२२ रोजी जपानकडे चेंडू जेमतेम १८ टक्के वेळ होता, तरी त्यांनी स्पेनला २-१ ने हरविले. रशियाने चेंडूचा हव्यासच धरला नाही. आपल्या गोलासमोर खेळाडूंची भिंत उभारली आणि त्या भिंतीबाहेर स्पेनला हवे तेवढे पास देऊ दिले. ते पास मिळवलेले कमी आणि प्रतिपक्षाने बहाल केलेले अधिक होते. उलट २०१० साली हाच स्पेन विश्वविजेता झाला तो सात सामन्यांत अवघे ८ गोल करून. बाद फेरीतले चारही सामने त्यांनी १-० ने जिंकले. तेथे पास ही तलवार होती तशी ढालही होती. ज्याच्या पायाशी चेंडूच नाही तो गोल कसा करणार?

वैयक्तिक टक्केवारीचेही तसेच. बचावफळीतला खेळाडू शेजाऱ्याकडे बिनधोक चेंडू सरकवतो, तेव्हा त्याची अचूकता नव्वदीपार जाते. आघाडीचा खेळाडू तिघांच्या गराड्यातून चेंडू घुसवू पाहतो. त्याचे अनेक पास वाया जातात आणि एखादा सामना फिरवतो. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे आहे.

म्हणून माझ्या मते पासांचा आकडा पाहिला की चार प्रश्न विचारावेत. एकूण किती चालींपैकी? मैदानाच्या कोणत्या भागात? त्या वेळी गोलफलक काय सांगत होता? आणि प्रतिपक्षाने काय मुद्दाम करू दिले? मागे पडलेला संघ धडपडून अधिक पास देतो, आघाडीवरचा मागे सरून बसतो. तेव्हा पासांची गर्दी विजयाचे कारण नसून पिछाडीचा परिणाम असू शकते.

कला शाखेत आपण कोणतेही वाक्य संदर्भासह स्पष्ट करायला शिकतो. आकडा हेही एक वाक्यच आहे. त्यालाही संदर्भासहच स्पष्टीकरण हवे.