विश्लेषण : सार्वजनिक उद्यानात स्केटपार्क... खर्चाचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

टोक्योत २०२१ मध्ये झालेल्या स्पर्धेपासून स्केटबोर्डिंग हा ऑलिम्पिक खेळ आहे. गुजरातमधील २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यात सुवर्णपदक पटकावले. त्यामुळे ‘आमच्या बागेतही स्केटपार्क करा’ ही मुलांची मागणी साहजिकच आहे. मात्र पदपथ किंवा कट्टा बांधावा तसा स्केटपार्क बांधला, तर पैसे खर्च होतात आणि खेळ होत नाही. हे टाळण्यासाठी अंदाजपत्रकात काय हवे, याचा आढावा.

स्केटिंग रिंक आणि स्केटपार्क यांत फरक काय?

अनेक उद्यानांत दिसणारी सपाट फरशी म्हणजे रिंक. ती पायात घालायच्या चाकांच्या स्केट्ससाठी असते. स्केटपार्कमध्ये उतार, वाडग्यासारखा खोलगट ‘बोल’, पायऱ्या, कठडे आणि लोखंडी रेलिंग असते. स्केटबोर्डची चाके जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर व्यासाची आणि टणक असतात. जमिनीतील बोटभर फट किंवा छोटा खडाही ते चाक अडवतो आणि मूल तोंडावर आपटते. म्हणून निविदेत नुसते ‘स्केटिंगसाठी काँक्रिटीकरण’ असे लिहून भागत नाही. पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, सांधे कुठे चालतील, हे नकाशासह लिहावे लागते. स्केटपार्कच्या सुरक्षिततेसाठी युरोपात ‘ईएन १४९७४’ हे मानक आहे. निविदेत त्याचा आधार घेता येतो.

पैसा कुठून येऊ शकतो?

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. त्यात नागरिक आपल्या प्रभागातील पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवू शकतात. एवढ्या रकमेत पूर्ण काँक्रीटचा स्केटपार्क होणे अवघड आहे. छोटी सपाट जागा आणि दोन-तीन अडथळे एवढी सुरुवात होऊ शकते. उरलेल्या कामासाठी मुख्य अंदाजपत्रकातील तरतूद, आमदार निधी किंवा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हे मार्ग आहेत. टप्प्याटप्प्याने काम करायचे असले, तरी संपूर्ण आराखड्याला आधीच मंजुरी घेणे शहाणपणाचे. नाहीतर पहिल्या टप्प्यातील काँक्रीट दुसऱ्या टप्प्यात फोडावे लागते. शिवाय निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे केल्याचा आक्षेपही येऊ शकतो.

खर्च कशावर होतो?

समजा, जागा ५०० चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट. साडेबारा सेंटिमीटर जाडीचा सपाट थर धरला, तरी साधारण ६३ घनमीटर काँक्रीट लागते. सहा घनमीटरच्या मिक्सर गाडीच्या या दहा-अकरा फेऱ्या झाल्या. ही गाडी उद्यानाच्या फाटकातून आत जाईल का? जात नसेल तर पंपाचा खर्च वाढतो.

मात्र मालापेक्षा कारागिरी महत्त्वाची. वक्र भागात काँक्रीट फवारून साच्याप्रमाणे हाताने घोटावे लागते. सरकारी दरसूचीतील साध्या काँक्रीटच्या दरावरून या कामाचे मोल ठरवले, तर अनुभवी ठेकेदार निविदाच भरणार नाही. यावर १८ टक्के जीएसटी, माती परीक्षण, आराखडाकाराचे शुल्क आणि अडीअडचणीसाठी राखीव रक्कमही धरायला हवी.

पाणी आणि झाडांचे काय?

एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० चौरस मीटरवर २५ हजार लिटर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. हे पाणी सखल भागाकडे धावते आणि बोल तुंबला की डासांची पैदास ठरलेली. बोलच्या तळापेक्षा पावसाळी गटार उंचावर असेल, तर बोल जमिनीखाली न खणता भराव घालून वर बांधावा. ही पातळी नकाशा काढण्यापूर्वीच मोजावी लागते.

झाड तोडायचे झाल्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. झाडांच्या मुळांनी काँक्रीटला तडे जातात, पानांनी चाके घसरतात. त्यामुळे झाडांपासून दूरची मोकळी जागा निवडणेच बरे. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून ती घरांच्या खिडक्यांपासूनही लांब असावी.

बांधून झाल्यावर?

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ मध्ये स्केटपार्क सुरू झाला. तिथे दोन नियम ठेवले गेले : मुलींना आधी संधी, आणि शाळा बुडवली तर स्केटिंग नाही. या नियमांना खर्च आला नाही, पण जागा कोणाची हे त्यांनी ठरवून टाकले. आपल्याकडेही नकाशा ठरण्यापूर्वी मुले, मुली, पालक आणि सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ यांची एकत्र बैठक व्हायला हवी.

रोजची झाडलोट, सांध्यांची भरणी, लोखंडी कडांचा गंज आणि दिवे यांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद लागते. आणखी एक अट निविदेतच घालता येईल : ठेकेदाराचे अंतिम बिल देण्यापूर्वी खेळाडूंनी प्रत्यक्ष बोर्ड चालवून जागा तपासावी. अभियंत्याच्या टेपला न सापडणारा उंचवटा स्केटबोर्डच्या चाकाला पहिल्याच फेरीत सापडतो. बिल हातात असेपर्यंतच तो दुरुस्त करून घेता येतो.