सूर्याने मामाला फसवलं

माझी भाची हल्ली मला फोनवर आधी विचारते, "मामा, पश्चिम कुठे?" आणि मग खुदुखुदू हसत सुटते. का, ते सांगतो.

सप्टेंबरच्या शेवटी मी मेलबर्नला बहिणीकडे गेलो होतो. तिथे तेव्हा वसंत असतो. गाडी काढून आम्ही तिघं विमेरा भागात गेलो. विमेरा म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेचा गव्हाचा पट्टा. जमीन पोळपाटासारखी सपाट, आणि मधूनमधून कनोलाची पिवळीधम्मक शेतं. कनोला ही आपल्या मोहरीची मावसबहीण. फुलं तशीच, चार पाकळ्यांची.

मुर्टोआ गावात धान्याचं एक जुनं कोठार पाहिलं. महायुद्धामुळे गहू परदेशी पाठवता येईना, म्हणून १९४१-४२मध्ये घाईघाईने बांधलेलं. आत ५६० खांब! तेही तासलेले नाहीत, नीलगिरीच्या कुळातल्या झाडांचे अख्खे सोट. मान वर करून बघताना भाचीची टोपी पडली.

तिथून पश्चिमेकडच्या डिंबूला गावी मुक्कामाला जायचं होतं. चांगला हायवे होता, पण मला आडरस्त्याने जायचं होतं. मामांना असलं काहीतरी सुचतंच.

आडरस्ता मातीचा होता आणि पन्हाळी पत्र्यासारखा आडव्या वळ्यावळ्यांचा. गाडीत बोलायला जावं तर "मा-मा-मा-मा" असंच बाहेर पडायचं. या वळ्या कुणी पाडत नाही, चाकंच पाडतात. एखाद्या खड्याने चाक किंचित उडतं, धपकन पडतं तिथे माती दाबली जाते, तिथून पुन्हा उडतं. अशा शेकडो गाड्या गेल्या की झाला पत्रा तयार.

मग एक चौक आला. चारही रस्ते सरळसोट, चारही सारखे, पाटी नाही. फोनला रेंज नाही. घड्याळात साडेबारा.

"घाबरताय कशाला?" मी म्हणालो. "सूर्य आहे ना! भरदुपारी तो दक्षिणेला झुकलेला असतो. त्याच्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला पश्चिम." बहिणीने मुकाट्याने गाडी उजवीकडे वळवली.

वाटेत गुलाबी पोटाच्या गाला काकाकुव्यांचा थवा दिसला, तिथे थांबलो. पराठे खाल्ले, तिथे तर चांगलेच रेंगाळलो. अडीच वाजून गेले. पुन्हा निघालो, तर भाची मागच्या सीटवरून म्हणाली, "मामा, आपण पश्चिमेला चाललोय ना? मग सूर्य पुढे हवा. तो मागून का येतोय?"

मी आरशात पाहिलं. खरंच, सूर्य गाडीच्या मागे! एवढ्यात पाटी आली: रूपॅनिअप. हे गाव मुर्टोआच्या बरोबर पूर्वेला.

चूक कुठे झाली? एक फुटबॉल घ्या आणि त्याच्या पोटाच्या उंचीवर समोर दिवा ठेवा. आता बॉलच्या वरच्या भागावर एक मुंगी आहे असं समजा. तिला दिवा कुठे दिसेल? खालच्या बाजूला, पोटाकडे. आणि खालच्या भागावरच्या मुंगीला? वरच्या बाजूला. आपण वरची मुंगी, मेलबर्नवाले खालची. म्हणून तिथे भरदुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. मी उत्तरेलाच दक्षिण समजलो, आणि माझी पश्चिम झाली पूर्व.

गंमत म्हणजे माझा नियम महाराष्ट्रातसुद्धा बारा महिने चालत नाही. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला एकेक दिवस असा येतो, की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली गायब होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात आपला सूर्यही दुपारी उत्तरेला असतो! जूनमध्ये बहुतेकदा ढग असतात, त्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टीच असते की. अंगणात काठी रोवून बघा, तिची सर्वांत आखूड सावली कुठल्या बाजूला पडते ते.

मेलबर्नला मात्र सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. म्हणून तिथे लोक उन्हासाठी उत्तरेला खिडक्या असलेलं घर शोधतात. परतीच्या वाटेवर भाचीने एका शेतघराच्या छपराकडे बोट दाखवलं. पत्र्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी घर, आणि छपरावर सोलर पॅनेल, सगळी एकाच दिशेला कललेली. आपल्याकडे ती दक्षिणेकडे कलती बसवतात, तिथे उत्तरेकडे. अशी घरं मघाशीही दोन-तीन लागली होती. म्हणजे उत्तर दिशा छपरांवर मांडून ठेवली होती आणि मी काकाकुवे बघत बसलो होतो.

संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत आम्ही डिंबूला गाठलं. पौर्णिमेला दोन-तीन दिवस होते. जेवणं झाल्यावर बाहेर आलो, तर चंद्र चांगला वर आलेला, अर्थात उत्तरेच्याच बाजूला. आणि त्यातला ससा चक्क खाली डोकं वर पाय!

"अगं, ससा बघ, उलटा झालाय!" मी ओरडलो.

भाचीने शांतपणे वर पाहिलं. "उलटा कुठे? असाच तर असतो. मागे आजीकडे आले होते ना, तेव्हा तिथे तो उलटा होता."