शेतावरचा डबा ऊन कसा राहील?

शेतकऱ्याच्या दुपारच्या जेवणाचा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. बी, खत, पाणी, बैल, यंत्र यांविषयी या मासिकात वारंवार लिहिले जाते. परंतु ज्याच्या अंगमेहनतीवर हे सर्व चालावयाचे, तो भर दुपारी काय खातो व कसे खातो, याचा विचार क्वचितच होतो. पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. दिवस माथ्यावर येण्याच्या सुमारास घरची बाई ताजी भाकरी टोपलीत घालून शेतावर घेऊन येत असे. आता घरोघर माणसे कमी झाली, घरातील बायाही पहाटेपासून कामावर असतात, जमिनीचे तुकडे दूरदूर पडले. सबब पहाटे साडेपाचास केलेले जेवण डब्यात भरून शेतकरी निघतो व ते दुपारी दीड-दोन वाजता खातो. म्हणजे अन्न शिजल्यापासून पोटात जाईपर्यंत आठ तास लोटतात. या आठ तासांत त्याचे काय होते, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकून असता पीक पाहणीच्या व मोजणीच्या कामी गावोगाव हिंडलो आहोत. एकदा वैशाखात पहाटे भरलेला भात-आमटीचा डबा सायकलीस बांधून निघालो व दुपारी दोन वाजता एका बांधावरील आंब्याखाली तिघांनी मिळून तो खाल्ला. डबा हातास कोमट लागत होता, म्हणून अन्न अजून चांगले आहे असे समजलो. संध्याकाळपर्यंत तिघेही वांत्यांनी आडवे झालो व दोन दिवसांचे काम बुडाले. दोष डब्याचाही नव्हता व करणाऱ्या हाताचाही नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता. कोमट डबा हीच धोक्याची खूण आहे, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते.

मुंबईचे डबेवाले

सेवानिवृत्तीनंतर आम्ही मुंबईस मुलाकडे शिवाजी पार्कनजीक राहतो. हे मैदान १९२५ साली लोकांस खुले झाले व १९२७ साली त्यास छत्रपतींचे नाव मिळाले. त्याच्या कट्ट्यावर सकाळी बसले असता पांढरी टोपी घातलेले डबेवाले आसपासच्या इमारतींतून डबे गोळा करून दादर स्टेशनाकडे जाताना दिसतात. ही मंडळी आपल्यापैकीच आहेत. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांतून ती आलेली असून पुष्कळांची गावी अजून जमीन आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हा धंदा सुरू केला. २०२० सालच्या टाळेबंदीपूर्वी सुमारे ५,००० माणसे दररोज दीड ते दोन लाख डबे पोहोचवीत असत. त्यानंतर ही संख्या पुष्कळच घटली.

डबा चुकत कसा नाही, याचे कौतुक जगाने केले. झाकणावरील खुणांवरून तो कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा व कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर जावयाचा, हे कळते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. नोकरीवर जाणारा मनुष्य सात-आठ वाजता घर सोडतो. त्याने डबा बरोबर न्यावयाचा तर स्वयंपाक सहाच्या आत झाला पाहिजे. डबेवाला मात्र नऊ-दहाच्या सुमारास येतो व साडेबारा-एकपर्यंत डबा पोहोचवितो. म्हणजे अन्न शिजणे व खाणे यांतील अंतर सहा-सात तासांवरून तीन तासांवर येते. डबेवाला डबा तापवीत नाही. तो वेळ कापतो. अन्न ऊन राखण्याचा पहिला व सर्वांत खात्रीचा उपाय हाच होय. तीन-चार शेजारी मिळून एका मुलाने अकरा वाजता सायकलीवर सर्वांचे डबे शेतावर पोहोचवावेत, अशी व्यवस्था गावातही सहज होण्यासारखी आहे. ज्यांस ती शक्य नाही, त्यांनी पुढील विवेचन लक्षात घ्यावे.

उष्णता जाते कशी?

कोणतेही भांडे उष्णता उत्पन्न करीत नाही. आत घातलेली उष्णता बाहेर जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. ती चार वाटांनी जाते. पहिली, भांड्यास जे टेकले असेल त्यातून. दुसरी, भोवतालच्या वाहत्या हवेबरोबर. तिसरी, चुलीची धग जशी दुरून लागते तशी किरणांच्या रूपाने. आणि चौथी, वाफेबरोबर. या चौथ्या वाटेकडे कोणी लक्ष देत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्च होते. याचा अर्थ, एक लीटर आमटीतून केवळ १० ग्रॅम वाफ निसटली तरी ती सगळी आमटी पाच अंशांहून अधिक निवते. यास्तव सैल झाकणाचा डबा कितीही गुंडाळला तरी व्यर्थ होय. जेवण झाले आहे की नाही हे पाहण्यासाठी वाटेत झाकण उघडणे, हेही तसेच नुकसानीचे आहे.

मडक्यास ओले फडके गुंडाळून आपण ताक थंड ठेवतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. फडक्यातील पाण्याची वाफ होताना ती ताकातील उष्णता ओढून घेते. म्हणून ऊन डब्याभोवतीचे गुंडाळण कटाक्षाने कोरडे असावे. शिवाय पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने वाहते, हेही ध्यानात ठेवावे.

स्थिर हवा हेच उष्णतेस अडविणारे सर्वांत स्वस्त साधन आहे. घोंगडीची ऊब लोकरीत नसून लोकरीच्या केसांत अडकलेल्या हवेत असते. १८९२ साली जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाने याच्याही पुढे जाऊन दुहेरी भिंतीचे काचपात्र केले व मधली हवाच काढून टाकली. १९०४ पासून जर्मनीत थर्मास या नावाने त्याची विक्री होऊ लागली. हल्ली तालुक्याच्या बाजारात याच तत्त्वावरचे दुहेरी भिंतीचे पोलादी डबे मिळतात. ज्यांस शक्य असेल त्यांनी ते अवश्य घ्यावेत. परंतु ज्यांस ते घेणे परवडत नाही, त्यांच्या खळ्यावर याच कामाचा माल फुकट पडलेला आहे.

पेंढ्याची पेटी

भाताचा पेंढा, गव्हाचे काड, कापूस, जुनी घोंगडी या सर्वांत स्थिर हवा भरलेली असते. १८६७ सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात नॉर्वे देशाने अशी ऊबदार पेटी मांडली होती. पुढे दोन्ही महायुद्धांच्या काळात जळणाची टंचाई पडली, तेव्हा युरोपातील घरोघर गवत भरलेल्या पेट्या वापरात आल्या. एक उकळी आणलेले भांडे पेटीत ठेवावयाचे व अन्न आतल्या उष्णतेवरच शिजू द्यावयाचे, अशी ती रीत होती.

आम्ही गावी केलेली पेटी अशी. झाकणाचे लाकडी खोके घ्यावे. तळाशी वीतभर कोरडा पेंढा दाबून बसवावा. मध्यभागी डबा ठेवून त्याच्या सर्व बाजूंनी वीतभर पेंढा ठासावा. डबा काढला असता त्याच्या आकाराचे घरटे राहिले पाहिजे. वर ठेवण्यास गोणपाटाची पेंढा भरलेली उशी शिवावी. दरवेळी पेंढा कोरडा आहे ना हे पाहावे व दमट होताच बदलावा. पेटी थोडी अवजड होते, परंतु बैलगाडीत, ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलीच्या मागे ती नीट बसते.

तीन लहान डब्यांपेक्षा एक मोठा डबा बरा. लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर आत आठपट अन्न मावते, पण उष्णता बाहेर जाण्याचा पृष्ठभाग चौपटच होतो. तिघांची आमटी एकाच भांड्यात न्यावी ती याकरिता.

भाकरीचे मात्र शास्त्र निराळे. ऊन भाकरी झाकणाच्या डब्यात कोंबली तर तिचाच घाम तिच्यावर पडतो, ती चिकट होते व तिला लवकर वास येतो. तव्यावरून काढलेली भाकरी थोडा वेळ दुरडीत उघडी ठेवून वाफ जाऊ द्यावी व मग जाड सुती फडक्यात गुंडाळावी. ती ऊन राहिली नाही तरी चांगली राहते. कोरडी चटणी, ठेचा, कांदा यांचेही तसेच. आपल्या वाडवडिलांनी शेतावर न्यावयास हेच पदार्थ निवडले, यात मोठे शहाणपण होते.

मर्यादा कोणती?

शिजलेल्या ओल्या अन्नात सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान रोगजंतू वाढतात. भाताचा धोका विशेष आहे. त्यात एका जातीच्या जंतूंची बीजे शिजूनही जिवंत राहतात व भात कोमट असता वाढीस लागून विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळल्याने नष्ट होत नाही, आणि पुष्कळदा वासही येत नाही. म्हणून कोमट अवस्थेत दोन तास, व कडक उन्हाळ्यात एक तास, याहून अधिक राहिलेले ओले अन्न खाऊ नये. ते मजुरास देऊ नये, हे तर सांगावयासच नको.

सारांश, वाचकांनी पुढील नियम पाळावेत.

१. शक्य तितक्या उशिरा शिजवावे व शक्य तितक्या लवकर खावे.

२. डब्यात प्रथम उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ओतून द्यावे. मग अन्न खदखदत असतानाच काठोकाठ भरावे व झाकण घट्ट लावावे.

३. गुंडाळण जाड व कोरडे असावे. जेवणाच्या वेळेपूर्वी डबा उघडू नये.

४. पेटीची परीक्षा आधी घरी करावी. डबा उकळत्या पाण्याने भरून पेटीत ठेवावा व जितक्या तासांनी आपण जेवतो तितक्या तासांनी उष्णतामापकाने पाहावे. ६० अंशांहून अधिक भरल्यास पेटी चालेल. कमी भरल्यास पेंढा वाढवावा किंवा वेळ कमी करावा. मापक प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. गावातील सभासदांनी मिळून एक घ्यावा.

५. परीक्षेत न उतरल्यास भात व आमटी घरी ठेवावी आणि भाकरी-चटणी न्यावी.

बैलाच्या दावणीत नासका चारा पडू नये म्हणून आपण काळजी घेतो. तीच काळजी आपल्या व आपल्या मजुरांच्या ताटाविषयी घेतल्यास आजारात जाणारे कितीतरी दिवस वाचतील. वाचकांनी ही पेटी करून पाहावी व कोणता पेंढा अधिक उपयोगी पडला, ते या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावे.