छोटी विमानं, भाग ६ : डाकोटाचं पोट

मागच्या भागात डाकोटाच्या धडाचे दोन अर्धे भाग गोंद न लावता जुळवून पाहिले. ते चिकटवण्याआधी आतलं सगळं काम संपायला हवं. सांधा एकदा बसला की आत ब्रश जात नाही.

रंगाची बाटली उघडण्याआधी ठरवा : तुमचं विमान काय वाहत होतं? डीसी-३ पहिल्यांदा उडालं ते १७ डिसेंबर १९३५ रोजी. महायुद्धात त्याचीच सी-४७ ही मालवाहू आवृत्ती हजारोंनी बनली आणि आपल्याकडे डाकोटा म्हणून रुजली. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटण श्रीनगरला उतरली ती डाकोटातून. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ पुंगली पुलासाठी २ पॅरा उतरली, तेव्हाच्या ताफ्यातही डाकोटा होती. ही २ पॅरा म्हणजे मूळची मराठा पलटण. तरी मी निवडेन ते नागपूरचं टपालाचं डाकोटा. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. देशाच्या टपालाचा असा चौक आपल्या आजच्या महाराष्ट्रात होता, आणि त्याचं मॉडेल क्वचितच कोणी करतं.

बाजारातले बहुतेक संच लष्करी सी-४७ चे असतात. त्यातली भिंतीलगतची बाकं छत्रीधारी सैनिकांसाठी. टपालाचं विमान करायचं तर ती गाळा किंवा भिंतीला दुमडून चिकटवा. मधली जागा थैल्यांना द्या. १/७२ प्रमाणात अडीच फुटी थैली साडेदहा मिलिमीटरची होते. एम-सीलच्या छोट्या गोळ्या लांबट वळा, ओल्या असतानाच एकमेकींवर दाबा म्हणजे वजनाने बसल्यासारख्या दिसतील, आणि तोंडाशी दोऱ्याने आवळा. सगळ्या एकाच मापाच्या नकोत. रंग मळकट कॅनव्हासचा, दोन-तीन छटांत.

डाकोटा जमिनीवर शेपटी टेकून उभं राहतं, त्यामुळे आतली फरशी नाकाकडे चढती असते. थैल्या दारात न घसरता थांबायच्या तर त्या दोरीने जखडलेल्या हव्यात. आत हमाल ठेवायचा असेल तर तो फरशीला काटकोनात उभा करू नका, त्याला खऱ्या जमिनीच्या हिशेबाने सरळ करा. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल खोटं वाटायचं थांबतं.

आता रंग. युद्धकाळातल्या अमेरिकी विमानांच्या आतल्या पत्र्याला गंजू नये म्हणून झिंक क्रोमेटचा थर देत. तो मुळात पिवळट. काळा मिसळला की हिरवट होई. आपणही तसंच करावं : पिवळ्या ॲक्रिलिकमध्ये थेंब-थेंब काळा. (खरं झिंक क्रोमेट विषारी असतं, ते वापरायचं नाही, आपल्याला फक्त छटा हवी.) आधी सगळीकडे काळा प्रायमर, मग बरगड्यांच्या मधल्या भागावर हिरवट रंगाचे पातळ हात, कोपऱ्यांत काळा थोडा उरू द्या, खोली आपोआप दिसते. शेवटी दाराच्या उंबऱ्यावर आणि मधल्या वाटेवर स्पंजच्या तुकड्याने रुपेरी ठिपके, कारण थैल्या तिथूनच ओढल्या जात. कॉकपिटच्या भिंतीवर असे ठिपके नकोत; तिथे हमालाचे पाय पोहोचत नाहीत.

मालाचं दार डाव्या बाजूला, मागे. ते उघडं ठेवा. मॉडेलमध्ये ते जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद होतं आणि नजर जाते ती तेवढ्यातूनच. दारासमोरच्या भिंतीवर वेळ घालवा, पुढच्या टोकाला साधा हात पुरे. ज्या बरगड्या कोणाला दिसणारच नाहीत त्यांच्यावर महिने घालवण्याची रीत मला मान्य नाही.

कशेळ्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात पावसाळा हा या कामातला मोठा भिडू. स्प्रेच्या डब्यातला लॅकर रंग दमट हवेत पांढुरका पडतो : द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. जुलै-ऑगस्टमध्ये डबा बाजूला ठेवा, पाण्यातले ॲक्रिलिक ब्रशने लावा आणि दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. रंगलेले भाग झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. खिडक्यांच्या काचांना सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफा काचेवर पांढऱ्या बसतात आणि धड बंद झाल्यावर आतून पुसता येत नाहीत. फेव्हिकॉल लावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

पुढच्या आठवड्यात धड बंद करू. त्याआधी थैल्या पक्क्या बसल्या आहेत ना, हे धड उलटं करून हलवून पाहा. सुटलेली थैली नंतर बाहेर काढायची तर सांधा पुन्हा फोडावा लागतो.