नळातून कोल्ड ब्रू: छोट्या दुकानातील नाशवंत मालाचा हिशेब

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
- कोल्ड ब्रू कॉफी कशी तयार होते आणि नळातून कशी दिली जाते हे सांगणे.
- ही कॉफी नाशवंत का मानावी लागते याची कारणे देणे.
- माल नाशवंत असेल तर ना-नफा-ना-तोटा बिंदू कसा सरकतो हे आकड्यांनी दाखवणे.

१. प्रस्तावना

अमेरिकेत पेट्रोल पंपाला लागून किंवा वस्तीच्या कोपऱ्यावर एक छोटे दुकान हमखास दिसते. दूध, पाव, अंडी, थंड पेये, तयार सँडविच आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कॉफी असा माल तिथे असतो. याला कन्व्हीनियन्स स्टोअर म्हणतात. या प्रकाराची सुरुवात १९२७ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस येथे झाली असे मानले जाते. साउथलँड आइस कंपनीच्या बर्फविक्री केंद्रावर बर्फ होताच, म्हणून तिथे दूध, अंडी आणि पावही विकायला ठेवले गेले. हीच कंपनी पुढे सेव्हन-इलेव्हन या नावाने जगभर पसरली. तिचे भारतातील पहिले दुकान २०२१ मध्ये मुंबईत अंधेरीला सुरू झाले.

अशा दुकानांत गरम कॉफीची विक्री जुनी आहे. सेव्हन-इलेव्हनने १९६४ मध्येच सोबत नेण्याच्या कपात कॉफी द्यायला सुरुवात केली होती. कोल्ड ब्रू मात्र अलीकडचे. स्टारबक्सने २०१५ मध्ये अमेरिकेतील आपल्या दुकानांत ते आणले आणि पुढच्या वर्षी नायट्रोजनयुक्त प्रकारही आणला. मोठ्या साखळीने ग्राहकाला चव लावली, की कोपऱ्यावरच्या दुकानदारापुढे प्रश्न उभा राहतो: आपणही एक नळ बसवावा का?

यंत्र विकणारा या प्रश्नाचे उत्तर प्रति कप नफ्यात देतो. त्याचा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो का अपुरा असतो, हे आपल्याला या पाठात पाहायचे आहे.

२. कोल्ड ब्रू म्हणजे काय?

कोल्ड ब्रू म्हणजे गरम कॉफीत बर्फ घालून केलेले पेय नव्हे. जाडसर दळलेली कॉफी थंड किंवा खोलीच्या तापमानाच्या पाण्यात साधारण १२ ते २४ तास भिजवतात आणि मग गाळतात. पाणी गरम नसल्यामुळे अर्क सावकाश उतरतो. उष्णतेचे काम इथे वेळ करतो. बऱ्याचदा अर्क दाट काढतात आणि देताना त्यात पाणी मिसळतात. दक्षिण भारतात स्टीलच्या फिल्टरमधून उतरवलेले डिकॉक्शन तुम्ही पाहिले असेल. तेही दाट काढून नंतर सौम्य केले जाते, पण त्यासाठी गरम पाणी वापरतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

कोल्ड ब्रू पिताना कमी आंबट लागते. त्यामुळे त्यात आम्ल फारच कमी असते असा समज होतो. निनी राव आणि मेगन फुलर या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरम आणि थंड अशा दोन्ही पद्धतींच्या कॉफीचा सामू जवळजवळ सारखाच, म्हणजे ४.८५ ते ५.१३ या दरम्यान आढळला. गरम कॉफीत एकूण आम्लांचे प्रमाण मात्र जास्त होते. सामूचे हे आकडे लक्षात ठेवा. चौथ्या भागात ते लागतील.

३. नळ, केग आणि नायट्रोजन

नळातून देण्याची यंत्रणा बिअरच्या व्यवसायातून आली आहे. तिचे मुख्य भाग चार: कॉफी भरलेला स्टीलचा केग, तो थंड ठेवणारा फ्रिज, कॉफी ढकलणारा वायूचा सिलिंडर आणि नळी जोडलेला नळ. नेहमीच्या वापरातला केग ५ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे १८.९ लिटरचा असतो.

वायू म्हणून नायट्रोजन वापरतात. कार्बन डायऑक्साइड का नाही? कारण तो पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे पन्नास पट जास्त विरघळतो आणि विरघळल्यावर आम्ल तयार करतो. त्याने कॉफी सोड्यासारखी फसफसेल आणि आंबट लागेल. नायट्रोजन फारसा विरघळत नाही आणि चव बदलत नाही.

साध्या नळात नायट्रोजनचे काम फक्त ढकलण्याचे असते. नायट्रो प्रकारात मात्र तोच वायू साधारण ३० ते ४५ पीएसआय इतक्या दाबाखाली कॉफीत मुरवतात. नळाच्या तोंडाशी बारीक छिद्रांची चकती असते. तिच्यातून जाताना वायू सुटा होतो आणि कपात दाट, मलईसारखा फेस येतो. ही युक्ती मुळात गिनेस कंपनीत मायकेल अॅश या गणितज्ञाने बिअरसाठी विकसित केली आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली.

एक सूचना इथेच नोंदवून ठेवा. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. बंद शीतखोलीत सिलिंडर गळला तर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते आणि आत गेलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून सिलिंडर साखळीने बांधून ठेवणे आणि बंद जागेत प्राणवायू मोजणारे यंत्र लावणे हा खर्चही हिशेबात धरायचा असतो.

४. सात दिवसांची मर्यादा

गरम कॉफी करताना पाणी ९० अंश सेल्सिअसच्या वर असते. बहुतेक जिवंत जंतू त्यात टिकत नाहीत. शिवाय ती थोड्या वेळात संपते, किंवा चव उतरली म्हणून ओतून दिली जाते. कोल्ड ब्रूमध्ये उष्णतेची पायरीच नाही, आणि पेय कित्येक दिवस साठवायचे असते.

अन्नसुरक्षेत ४.६ हा सामू सीमारेषा मानला जातो. त्यापेक्षा जास्त सामू असलेल्या पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू वाढण्याची शक्यता धरावी लागते. कॉफीचा सामू या रेषेच्या वर आहे. या जीवाणूला प्राणवायू नसलेली जागा मानवते, आणि नायट्रोजन भरलेला बंद केग नेमकी तशीच जागा आहे. म्हणजे आम्लाचे संरक्षण नाही, उष्णतेचे नाही, प्राणवायूचेही नाही. उरते ती फक्त थंडी. आणि बिघडलेल्या पेयाच्या वासात किंवा चवीत फरक जाणवेलच असे नाही.

ही भीती कागदावरची नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डेथ विश कॉफी या कंपनीने आपले नायट्रो कोल्ड ब्रूचे डबे याच संभाव्य धोक्यामुळे बाजारातून परत मागवले. कोणी आजारी पडल्याची नोंद नव्हती, तरीही विक्री थांबवावी लागली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेनुसार, थंड ठेवाव्या लागणाऱ्या तयार खाद्यपदार्थांसाठी ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ७ दिवसांची मर्यादा आहे, आणि उघडल्याचा दिवस पहिला धरायचा असतो. आरोग्य अधिकारी कोल्ड ब्रूला या गटात धरत असतील तर केग उघडल्यापासून सातव्या दिवसापर्यंतच विकता येतो. उत्पादकाने त्याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळायची. नळ्यांचेही तसेच. कॉफीतील तेल आतून चिकटते आणि त्यावर जंतूंचा थर धरतो. बिअरच्या नळ्या दर १४ दिवसांनी धुवाव्यात अशी अमेरिकेतील ब्रूअर्स असोसिएशनची शिफारस आहे; कॉफीसाठी याहून ढिलाई परवडणारी नाही.

५. हिशेब

आता एक काल्पनिक दुकान घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत; पद्धत मात्र खरी आहे. बर्फ घातलेल्या एका कपात ३०० मिलिलिटर कॉफी बसते असे धरा. केगमधून ६३ कप निघतील. सांडलवंड वजा करून आपण ६० धरू.

- कपाची किंमत: ३ डॉलर
- केगची किंमत: ४२ डॉलर, म्हणजे प्रति कप ०.७० डॉलर
- कप, झाकण, नळी, बर्फ: प्रति कप ०.४० डॉलर
- यंत्राचा हप्ता, वायू, सफाईची मजुरी: आठवड्याला ७० डॉलर

पहिली पद्धत, यंत्र विकणाऱ्याची: बदलता खर्च १.१० डॉलर, म्हणून प्रत्येक कपामागे अंशदान १.९० डॉलर. स्थिर खर्च ७० ला १.९० ने भागले की ३६.८ येतात. म्हणजे आठवड्याला ३७ कप विकले की तोटा नाही.

आता सात दिवसांची मर्यादा लावा. आठवड्यात ३७ कप गेले, तर २३ कपांची कॉफी सातव्या दिवशी ओतून द्यावी लागते. केगचे ४२ डॉलर तर पूर्ण गेलेले असतात. कप ३७ विका नाहीतर ५० विका, आठवड्याला एक केग लागतोच. म्हणजे विक्री एका केगपेक्षा कमी असेल तोवर कॉफीची किंमत हा बदलता खर्च राहत नाही. तो स्थिर खर्च होतो.

दुसरी पद्धत: स्थिर खर्च ७० अधिक ४२, म्हणजे ११२ डॉलर. अंशदान ३ वजा ०.४०, म्हणजे २.६० डॉलर. ११२ भागिले २.६० म्हणजे ४३.१. आता तोटा टाळायला ४४ कप लागतात. ज्या ३७ कपांवर सुटल्यासारखे वाटले होते, तिथे प्रत्यक्षात आठवड्याला १५.८० डॉलरचा तोटा आहे.

६० कपांवर दोन्ही पद्धतींनी ४४ डॉलर नफा येतो. विक्री त्याहून वाढली तर केग सात दिवसांच्या आतच संपतो आणि पहिली पद्धत बरोबर ठरते. म्हणून या दुकानासाठी खरा पाहण्याचा आकडा दिवसाला साधारण ९ कप हा आहे. खप तिथवर पोहोचला तर हिशेब सोपा असतो. पोहोचला नाही तर दर आठवड्याला मोरीत किती जाते ते आधी मोजावे लागते.

नायट्रो प्रकार बहुधा बर्फाशिवाय देतात, त्यामुळे कप कॉफीनेच भरतो. १२ औंसाचा, म्हणजे ३५५ मिलिलिटरचा कप धरला तर त्याच केगमधून ५३ कपच निघतात. हा फरक किंमत ठरवताना विसरू नका.

६. दोन दुरुस्त्या

पहिली दुरुस्ती: नवे पेय जुन्या पेयाचा ग्राहक खाते. समजा ६० पैकी १५ जण एरवी गरम कॉफी घेणारेच होते आणि गरम कॉफीवर प्रति कप १.४० डॉलर सुटत होते. मग २१ डॉलर गेले, आणि ४४ चा नफा २३ वर आला. याउलट कोल्ड ब्रूसाठी आलेला नवा ग्राहक सँडविचही घेऊन गेला तर तो फायदा मिळवायचा.

दुसरी दुरुस्ती: केग लहान घेता येतो. अर्ध्या आकाराचा केग २३ डॉलरला आणि त्यातून ३० कप असे धरा. प्रति कप कॉफी महाग पडते, पण केग सात दिवसांत संपत असेल तर वाया काहीच जात नाही. अंशदान १.८३ डॉलर आणि तोटा टाळण्यासाठी ३९ कप. मोठ्या केगला ४४ लागत होते. म्हणजे महाग माल घेऊन बिंदू खाली आला. घाऊक घेतले की स्वस्त पडते हा नियम नाशवंत मालाला सरसकट लागू होत नाही.

७. निर्णय कसा घ्यावा?

नळ बसवण्याआधी बाटलीबंद कोल्ड ब्रू फ्रिजमध्ये ठेवून चार आठवडे खप मोजावा. त्यात यंत्राचा खर्च नसतो. मग थंडीतल्या आठवड्यांचा अंदाज वेगळा धरावा. त्यानंतर सफाई, तापमानाची नोंद आणि केगवर तारखेची चिठ्ठी ही कामे कोण करणार ते ठरवावे. अशा दुकानात बऱ्याचदा काउंटरवर एकच माणूस असतो. ज्या कामाला वेळ दिलेला नाही, ते होत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे, ओतून द्यायची कॉफी आधीच खर्चात मांडावी. सातव्या दिवशी केगमध्ये वीस कप उरले, की ते टाकायला हात धजत नाही. ‘अजून एक दिवस चालेल’ हा विचार तिथेच येतो, आणि त्याची किंमत ग्राहकाच्या तब्येतीने मोजली जाऊ शकते. तो खर्च पहिल्या दिवशीच वहीत असेल, तर सातव्या दिवशी केग रिकामा करणे हे नुकसान वाटत नाही. ठरलेले काम वाटते.

सारांश

कोल्ड ब्रूला उष्णतेचे संरक्षण नसते आणि कॉफीचा सामू ४.६ च्या वर असतो, म्हणून ती थंड ठेवून मुदतीत संपवावी लागते. खप एका केगपेक्षा कमी असेल तेव्हा मालाची किंमत स्थिर खर्चासारखी वागते आणि ना-नफा-ना-तोटा बिंदू वर सरकतो. केगचा आकार खपाला जुळवणे हा त्यावरचा एक उपाय आहे.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात मुदत ७ ऐवजी ५ दिवस केली, तर केग पूर्ण संपण्यासाठी दिवसाला किती कप विकावे लागतील?
२. आठवड्याला ५० कप विकणाऱ्या दुकानाचा नफा दोन्ही पद्धतींनी काढा आणि फरकाचे कारण लिहा.
३. तुमच्या गावातील ताक, नीरा किंवा उसाचा रस विकणाऱ्या एखाद्या विक्रेत्याशी बोला. दिवसअखेर उरलेल्या मालाचे तो काय करतो आणि तो खर्च किमतीत कसा धरतो, यावर दहा ओळी लिहा.